घरी निरोप सांग

गेली पंधरा-सोळा वर्षं मी शाळांचे जुने कागद जमवतो आहे. पेशाने मी छापखान्यातला माणूस. खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, पुढे ऑफसेट आलं तेव्हा तेही शिकून घेतलं. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. पण छापील कागद हातात आला की तो उलटसुलट करून पाहायचा, कुठे छापला, कुणासाठी छापला याचा माग काढायचा, ही खोड धंद्यानेच लावली. रद्दीवाल्यांशी ओळखी झाल्या आणि माझ्या माळ्यावर हजेरीपट, फीच्या पावत्या, दाखले, प्रगतिपुस्तकं आणि क्वचित कधी मास्तरांनी घरी पाठवलेल्या चिठ्ठ्या असा ढीग साठत गेला. घरच्यांनी त्याला 'तुमची शाळा' असं नाव ठेवलं आहे.

या ढिगात मला सर्वांत बोलका वाटतो तो प्रगतिपुस्तकातला शेवटचा रकाना : पालकाची सही. गुणांचे रकाने सगळीकडे सारखेच. पण सहीच्या रकान्यात घर दिसतं. कुठे वळणदार इंग्रजी सही, कुठे बोरूच्या वळणाची मोडी, कुठे एकेक अक्षर सुटं सुटं काढलेलं नाव, कुठे जांभळ्या शाईचा अंगठा. काही ठिकाणी वडिलांची सही आणि वरच्या पानावरचं पोराचं अक्षर अगदी सख्ख्या भावंडांसारखं सारखं. ती सही कुणी केली ते सांगायला नको. आणि बऱ्याच ठिकाणी रकाना कोराच.

शाळेच्या इतिहासाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. कायदे, आयोग, संस्था, संस्थापक यांची चरित्रं आहेत. मला मात्र एक साधा प्रश्न पडत आला. पहिली-दुसरीच्या वर्गात दिवसभर जे चालतं ते संध्याकाळी घरी कसं पोचत होतं? आणि घरात जे चाललेलं असतं ते मास्तरांना कसं कळत होतं? हा प्रश्न मला का पडला त्याला एक खाजगी कारण आहे. एका चिठ्ठीचं. ते पुढे सांगतो.

आधी पंतोजींची शाळा. इंग्रजी अमलाच्या आधीची आणि नंतरही बरीच वर्षं टिकलेली ही शाळा कुणाच्या तरी ओसरीवर, देवळात नाहीतर धर्मशाळेत भरे. मूल शाळेत घालणं हा घरचा प्रसंग होता. 'ॐ नमः सिद्धम्' या शब्दांनी अक्षरओळख सुरू व्हायची, म्हणून आपण आजही कशाचा तरी 'ओनामा' झाला असं म्हणतो. फळीवर धूळ पसरायची, तिच्यात बोटाने अक्षर गिरवायचं, चुकलं की हाताने पुसायचं. या धूळपाटीवरून मूल पुढे कधीतरी बोरू आणि कागदावर यायचं, कारण कागद महाग होता. पंतोजींना सरकारी पगार नसे. थोडे पैसे, धान्य, शिधा, सणावाराला काही दक्षिणा. म्हणजे पंतोजींचं पोट गावातल्या घरांवर अवलंबून होतं. घरच्यांना पंतोजींशी बोलायला वेगळा दिवस नेमावा लागत नसे. ते दारातच असत, कधी शिधा घ्यायला तर कधी पोर का आलं नाही ते विचारायला.

पोर आलं नाही तर त्यावरही उपाय होता. वरची चार दांडगी मुलं पाठवायची आणि त्यांनी पळपुट्याला हातापायांना धरून, उचलून शाळेत आणायचं. याला उचलबांगडी म्हणत. आज हा शब्द आपण बदली झालेल्या अधिकाऱ्यासाठी वापरतो आणि त्यातलं रडणारं, पाय झाडणारं पोर विसरून जातो. शाळेने घरी पाठवलेला हाही एक निरोपच, फक्त तो शब्दांत नसे.

पण या शाळेचा घराशी असलेला खरा धागा वेगळाच होता. तो म्हणजे परवचा. तिन्हीसांजेला दिवा लागला की मुलांनी पाढे म्हणायचे. नुसते बे एके बे नव्हे. तिसापर्यंत पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आजच्या मुलाला हे ऐकून घाम फुटेल, पण त्या काळच्या व्यवहाराला ते नेमकं लागू पडत होतं. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. चार शेरांची पायली, चाळीस शेरांचा मण. सगळा बाजार पाव, अर्धा, पाऊण असाच बोलायचा. अडीच आणे शेराने सात शेरांचे किती, हे अडीचकी पाठ असलेल्याला हिशेब मांडून शोधावं लागत नसे. ओठांवरच साडेसतरा येत.

परवच्याची गंमत अशी की तो ऐकायला अक्षरओळख लागत नाही. चुलीपाशी बसलेल्या आजीला वाचता येत नसलं तरी रोज ऐकून ऐकून चाल कानात बसलेली असे. पोर अडखळलं, एखादी पायरी गाळून पुढे गेलं, की तिला ठेच लागल्यासारखं कळे. शाळेत काय चाललंय याची बातमी रोज संध्याकाळी घरभर मोठ्याने फुटायची आणि ती निरक्षरालाही कळायची.

याचा एक पुरावा माझ्या घरातच होता. माझे आजोबा सांगलीच्या बाजारात हमाली करायचे, गुळाच्या रव्यांची. अक्षर एक येत नव्हतं. पण दिडकी आणि अडीचकी तोंडपाठ. मापाड्याने हिशेबात गडबड केली तर त्याला जागच्या जागी थांबवत. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, कुठल्या शाळेत शिकलात? ते म्हणाले, "शाळंत न्हाई, भितीपल्याडनं." दहा-बारा वर्षांचे असताना ते एका वाड्यात गडी म्हणून होते. संध्याकाळी वाड्यातली मुलं सोप्यात बसून परवचा म्हणायची आणि आजोबा पलीकडे गोठ्यात वैरण टाकता टाकता ऐकायचे.

ही आठवण मी मोठ्या कौतुकाने सांगत असे. एकदा एका जाणत्या मित्राने मधेच तोडून विचारलं, "पण ते भिंतीच्या त्या बाजूला का होते, ते कधी लिहिणार?" तेव्हापासून पंतोजींच्या शाळेबद्दल गहिवरून बोलणं मी सोडलं. त्या शाळेचं आणि घराचं नातं घट्ट होतं खरं, पण कोणत्या घरांचं? मुलींना तिथे जागा नव्हती. अस्पृश्य मानलेल्यांना तर नव्हतीच. कुणब्याचं पोर क्वचित. ज्या घरांतून शिधा निघत होता त्या घरांची ती शाळा होती.

सरकारी शाळा आल्या तेव्हा हा दरवाजा कागदोपत्री उघडला, पण मास्तर बहुधा भिंतीच्या त्याच बाजूचे राहिले. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं त्यात ही गोष्ट फार नेमकी पकडली आहे. प्राथमिक शिक्षण बारा वर्षं वयापर्यंत सक्तीचं करा, ही त्यांची मागणी सगळ्यांना ठाऊक असते. पण त्यातच मास्तर कसा असावा हेही त्यांनी सांगितलं आहे. तो शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, लोकांत मोकळेपणाने मिसळणारा, त्यांच्या गरजा ओळखणारा, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला न लाजणारा. आपल्या वर्तुळात राहणारा मास्तर या कामाचा नाही. गरीब घरांनी मुलं पाठवावीत म्हणून शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या, असंही त्यांनी सुचवलं. हे मी अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी वाटतं की हा शिक्षणपद्धतीवरचा नुसता अभिप्राय नाही. मास्तर आणि पोराचा बाप एकमेकांशी बोलू शकतील का, हा त्यातला प्रश्न आहे.

सरकारने त्यांचं ऐकलं नाही. सक्ती आली ती आधी संस्थानांत. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेलीच्या बाजूला प्रयोग करून १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात ती लागू केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. एक रुपया म्हणजे त्या काळी शेतमजुराची काही दिवसांची मजुरी. या दंडाचं आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. राजा पहिल्यांदाच सगळ्या जातींच्या घरांना सांगत होता की तुमचं पोर मला शाळेत हवं आहे. तरी निरोपाच्या दृष्टीने पाहिलं तर इथे एक बदल झाला. शाळेचा माणूस दारात येण्याऐवजी शाळेचा कागद दारात येऊ लागला. कागद वाचता येत नसेल तर तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि वाचणारा कोण हे महत्त्वाचं ठरतं.

स्वातंत्र्यानंतर पंधरा-एक वर्षांत घर आणि शाळा यांच्यामधले आणखी दोन धागे तुटले. याबद्दल कुणी हळहळलेलं माझ्या वाचनात नाही. पहिला धागा मोडीचा. शाळेतून मोडी गेली आणि सगळं लेखन बाळबोधात आलं. छापखान्याच्या दृष्टीने ते सोयीचंच होतं, मी तक्रार करणारा नव्हे. पण ज्या आजोबांना लिहिता येत होतं त्यांचंही अक्षर नातवाला लागेना, आणि नातवाच्या वहीत आजोबांना सुधारण्यासारखं काही उरेना. दुसरा धागा हिशेबाचा. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले. पाठोपाठ, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने, शेर-मण जाऊन किलोग्रॅम आले. दशमान पद्धत चांगली आहे, सोपी आहे, तिच्यावर वाद नाही. मात्र पावकी-अडीचकीची गरज त्या एका फटक्यात संपली. माझे आजोबा ज्या एका विषयात शाळेच्या बरोबरीने उभे राहू शकत होते तो विषयच शाळेने काढून टाकला. मी शाळेत गेलो तोवर परवचा फक्त शुभंकरोती आणि दहापर्यंतचे पाढे एवढा उरला होता, तोही शेजारच्या घरात.

आता चिठ्ठी.

मी दुसरीत होतो. आमचं गाव कृष्णाकाठचं. वडील साखर कारखान्याच्या हंगामावर, म्हणजे अर्धं वर्ष बाहेर. आई शेतावर रोजंदारीने जायची. धाकटी बहीण तेव्हा रांगत होती आणि भांगलणीच्या दिवसांत तिला सांभाळायला मी घरी राहायचो. आईला ते खटकायचं, पण इलाज नव्हता. शाळेत गुरुजींनी दोन-तीनदा तोंडी विचारलं, मी काहीतरी सांगितलं. मग एक दिवस त्यांनी वहीचं पान फाडून त्यावर खाली-वर भरगच्च लिहिलं, चार घड्या घातल्या आणि म्हणाले, "घरी दे. घरी निरोप सांग."

घरी वाचणारा मीच होतो. दुसरीतलं वाचन ते, 'गैरहजर' हा शब्द मी बोट ठेवून तीनदा वाचला तेव्हा लागला. अकरा दिवस, हा आकडा मात्र लगेच कळला. पुढे असं होतं की मुलाला असंच घरी ठेवलं तर त्याला वरच्या वर्गात घालता येणार नाही, पालकांनी शाळेत येऊन भेटावं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "वाच." मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचलं, "गुरुजी म्हणतात, नवी वही घेऊन द्या."

तिने डब्यातून पैसे काढून दिले. खाली अंगठा उठवला, तव्याच्या बुडाची काजळी लावून. मी तो कागद दुसऱ्या दिवशी गुरुजींना दिला. त्यांनी अंगठा पाहिला, मान हलवली आणि कागद ठेवून दिला. त्यांच्या मते निरोप पोचला होता. पालक तरीही आले नाहीत, म्हणजे पालक बेफिकीर आहेत. वर्गात त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. नापास मला केलं नाही, ही गोष्ट वेगळी. माझं नाव त्या वर्षी पटावरून जाता जाता राहिलं हे मला फार उशिरा कळलं.

खोटं का बोललो? आई रागावेल म्हणून नाही. ती शाळेत जाऊन उभी राहील आणि गुरुजी तिच्याशी कसे बोलतील याची मला भीती वाटली होती. एकदा ती आली होती तेव्हा उंबऱ्याच्या आत आली नाही, पदर सावरून व्हरांड्यातल्या खांबाला टेकून उभी राहिली. मला ते पाहवलं नव्हतं.

जुने कागद चाळू लागल्यावर माझ्या ध्यानात आलं की हे माझ्या एकट्याचं नाही. जिथे शिकणारं पहिलंच पोर असतं तिथे शाळेचा प्रत्येक लेखी निरोप, ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याच हाती दिलेला असतो. पोस्टमन तोच, वाचणारा तोच आणि आरोपीही तोच. कोऱ्या रकान्यांकडे आणि भावंडासारख्या सह्यांकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहू लागलो. शाळा ज्याला पालकांची अनास्था म्हणते, त्यातला किती भाग न पोचलेल्या निरोपांचा असेल!

हा प्रश्न कुणी ओळखला होता का, याचा शोध घेताना मी कोसबाडला पोचलो.

ताराबाई मोडक यांचं नाव मराठी वाचकाला नवं नाही. जन्म १८९२ चा, त्या काळी मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात काम करून १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. गिजुभाई मूळचे वकील, मुलांमध्ये रमले आणि 'मूछाळी मा' म्हणून ओळखले गेले. १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्तीत बालमंदिर काढलं. गिजुभाईंनी मुलांसाठी जितकं लिहिलं तितक्याच तळमळीने आईबापांसाठी लिहिलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, 'शिक्षण पत्रिका' निघाली, ती पुढे मराठीतही आली आणि ताराबाईंनी संपादली. मुलाला मारू नका, त्याला घाई करू नका, त्याच्या हाताला काम द्या, हे त्यांतून पालकांना सांगितलं जाई. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. तिथली मुलं मध्यमवर्गातली, आया वाचणाऱ्या. पत्रिका घरी जाई, वाचली जाई, शाळा आणि घर एकच भाषा बोलू लागे.

मला ताराबाईंचं मोठेपण या पुढच्या पायरीवर दिसतं. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ही जमलेली घडी सोडून त्या डहाणूजवळ बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. बरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताई मोरगावच्या, तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. बोर्डीला पत्रिका कुणाच्या घरी पाठवणार? शहरातली माँटेसरीची साधनं तिथे परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं ही साधनं झाली. हे सगळ्या लेखांत असतं. त्याहून महत्त्वाचं असं की मुलंच येत नव्हती. दलित वस्तीतून येत नव्हती, कारण थोरली मुलं धाकट्यांना सांभाळत होती. माझ्यासारखीच.

तेव्हा त्यांनी शाळाच उचलून वस्तीत नेली. एखाद्या घराच्या अंगणात बाई जाऊन बसायची, आजूबाजूची पोरं गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची आणि मग गाणी, गोष्टी, मोजणी. कडेवरचं मूल घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवायचं नाही, दोघांनाही बसवायचं. याचं नाव अंगणवाडी. पुढे विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणल्या त्या याच कारणाने : तान्हं पाळण्यात असलं की ताई वर्गात बसू शकते.

अंगणात शाळा भरली की निरोपाचा प्रश्नच मिटतो, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. आई तिथेच भात कांडते आहे, नाहीतर जाळं दुरुस्त करते आहे. पोर काय मोजतंय, बाई त्याच्याशी कशी बोलते आहे, हे ती ऐकते आणि पाहते. बाईलाही घर दिसतं : आज चूल पेटलेली नाही, बाप आजारी आहे, पोर उपाशी आहे. चिठ्ठीवर लिहून कळवण्यासारखं मग काय उरतं? भिंतीपलीकडून ऐकणारे माझे आजोबा आणि अंगणात कांडण करता करता ऐकणारी ही आई, यांत फरक एवढाच की इथे मधे भिंत नाही.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि वारल्यांच्या पाड्यांत काम सुरू झालं. तिथली मुलं दिवसभर गुरांमागे असत. म्हणून कुरणशाळा निघाली, गुरं चरतात तिथेच, झाडाखाली. गुरुजीने गुरांवर लक्ष ठेवत शिकवायचं. रात्री मोठ्यांसाठी वर्ग. या मुलखाची एक बाजू विसरून चालत नाही. ज्या १९४५ साली बोर्डीचं केंद्र सुरू झालं त्याच वर्षी याच पट्ट्यात शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांचा लढा उभा राहिला होता. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे लग्नगडी म्हणून राबायची, हे तिथलं वास्तव. अशा घरातला बाप शाळेच्या माणसाला दारात पाहून काय समजत असेल? जंगलखात्याचा, सावकाराचा, पोलिसाचा माणूस दारात आला की काहीतरी जाणारच, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं. अनुताईंनी 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मचरित्रात आपल्या कामाची हकीगत सांगितली आहे. ती वाचताना माझं लक्ष पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीकडे गेलं : किती पायपीट. दारात काही न मागता येणारं माणूस असतं, हे पटायला बहुधा तेवढी पायपीट लागली असावी.

मी कोसबाडला गेलो तो एका पावसाळ्याच्या शेवटी. डहाणू रोडला उतरून, चिकूच्या वाड्यांमधून. टेकडीवर बराच वेळ बसलो. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये. माझ्याकडचे कागद तिथे काही कामाचे नव्हते, कारण त्या कामाची मुख्य खूण कागदावर नाहीच.

अंगणवाडी हे नाव मात्र देशभर गेलं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. या योजनेने किती पोरांच्या पोटात घास गेला याचं मोल मी कमी करणार नाही. अंगणवाडीच्या ताई आजही घरोघर फिरतात, आणि त्यांना त्या मानाने किती कमी मिळतं तेही आपण जाणतो. पण नावातलं अंगण हळूहळू खोली झालं. खोलीला दार आलं, भिंतीवर तक्ते आले, ताईंच्या पुढ्यात नोंदवह्यांची चळत आली. त्या वह्या भरण्यात जाणारा वेळ कुणाच्या वाट्याचा, हे त्यांनाच विचारावं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात असं ठरवलं. फुल्यांनी हे कलम आनंदाने वाचलं असतं. मी माझ्या भागात अशा दोन-तीन सभांना मागे बसून आलो आहे. इतिवृत्ताच्या वहीत सगळ्यांच्या सह्या होतात, अंगठा आता क्वचित. बोलतात मात्र तीनच माणसं. खांबाला टेकून उभ्या राहिलेल्या बाया मला आजही दिसतात, फक्त आता त्या खुर्चीवर बसलेल्या असतात. शहरात सगळं मोबाइलवर. माझी नात यंदा पहिलीत गेली. रोज दुपारी तिच्या वर्गाच्या गटावर निरोप येतात : उद्या हिरव्या रंगाचा पोशाख, परवा एक पान घेऊन या, गृहपाठाचा फोटो पाठवा. सुनेच्या फोनची टिंगटिंग चालू असते. पोरीला काही विचारलं तर ती म्हणते, "मम्मीच्या फोनवर आलंय ना." शाळेत आज काय झालं ते आपल्या तोंडाने सांगायची तिला गरजच उरलेली नाही.

आई आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत तिने नाव लिहायला शिकून घेतलं होतं, बँकेत सही करते. गेल्या दिवाळीत या लेखासाठी टिपणं काढत होतो तेव्हा ती शेजारी लसूण सोलत बसली होती. काय लिहितोस म्हणाली. मी सांगितलं. मग धीर करून दुसरीतल्या त्या चिठ्ठीचंही सांगितलं, पन्नास वर्षं होत आली म्हटलं, आता रागावणार नाही.

ती हसली. "मला ठावं हुतं तवाच," म्हणाली. "एका वहीसाठी कोण येवढं भरून लिवतंय?"

"मग गेली का नाहीस शाळेत?"

तिने पाकळी सोलून वाटीत टाकली. "गेल्ते की. बुधवारच्या बाजारादिवशी. गुरुजी बाहीर आले न्हाईत, म्या आत गेले न्हाई. शाळा सुटूस्तवर हुबी हुते. मग तुज्या बहिणीला भूक लागली."

तिने लसणीची टरफलं पदरात गोळा केली आणि विचारलं की नातीला शाळेतून आणायला आज कोण जाणार आहे.